टीव्हीच मॉनिटर म्हणून घेऊ का?

राजारामपुरीकर: भावांनो, पीसीला ४३ इंची फोरके टीव्ही जोडायचाय, दिवसा एक्सेल रात्री गेम. दुकानात नुसती क्रिकेट लावून दाखवतात, अक्षरं कशी दिसतात कळणार कसं?

रंकाळा_वारा: लॅपटॉप घेऊनच जा की. काळ्यावर लाल अक्षरं उघड, कडा फाटल्यागत दिसल्या तर ४:४:४ क्रोमा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा पुरा रंग, मिळत नाही. माझ्या टीव्हीत इनपुटला 'पीसी' नाव दिलं तेव्हा कुठं नीट झाली, तोवर महिनाभर मी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून बसलेलो.

तांबडा_पांढरा: गेम मोड लाव, नाहीतर माउस मागनं रांगत येतो. फोरकेला १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) पाहिजे तर एचडीएमआय २.१ पोर्ट बघ, २.० ला गाडी ६० वरच. ओएलईडी पडद्याचा घेतलास तर टास्कबार लपव, एकाच जागी राहिलेल्या पट्टीचा पडद्यावर कायमचा डाग बसतो.

राजारामपुरीकर: लॅपटॉप पिशवीत घातला, दुकानदार काय म्हणंल ते म्हणंल.