रात्रीत डाव्या टाकीतलं पाच गॅलन गेलं कुठे? डिपस्टिकचा हिशेब लागत नाही

पार्ल्याची_पोर
नमस्कार. सेसना 172 या छोट्या विमानावर उडायला शिकतेय, 46 तास झालेत. सुट्टीला पार्ल्यात घरी आलेय, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

शनिवारची शेवटची सॉर्टी, म्हणजे उड्डाण, माझी होती. उतरल्यावर लगेच स्टुलावर चढून दोन्ही टाक्यांची डिप मी स्वतः घेतली, म्हणजे खुणांची पट्टी टाकीत बुडवून इंधन मोजलं. डावी 15 गॅलन, उजवी 15. वहीत लिहिलं. मग विमान ढकलून जागेवर नेलं, चाकांना अडवायचे चोक लावले, बांधलं. रविवारी सकाळी सहा वाजता तीच पट्टी घेऊन पुन्हा डिप घेतली तर डावी 10, उजवी 19. मधे ना कुणी उडवलं, ना इंधन भरलं. गेजचे काटेही डावीकडे कमी, उजवीकडे जास्त सांगत होते, पण काट्यांवर विसंबायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ऐकतेय.

एकजण सरळ म्हणाला, "कुणीतरी काढलं असणार." रात्री तिथे फक्त राखणदार काका असतात. तेव्हापासून सगळे त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतायत. ते रोज पहाटे आम्हाला चहा करून देतात. मला हे अजिबात सहन होत नाहीये.

आणखी एक: पट्टी या विमानाची नाही. मूळची हरवली, दुसऱ्या 172 ची वापरतो.

जुहूचा_जुना_मिस्त्री
पोरी, वयाने लहान आहेस म्हणून एकेरी लिहितो. लहान विमानांवर माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी जुहूच्या विमानतळावर.

आधी त्या राखणदाराला मोकळं करू. चोरी झाली असती तर उजवी टाकी चार गॅलनने वाढली नसती. बेरीज बघ. संध्याकाळी 30, सकाळी 29. इंधन विमानातच आहे, फक्त इकडचं तिकडे गेलंय.

आता सांग, विमान बांधलंस तेव्हा फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका, कुठे होता? 'बोथ'वर असेल तर दोन्ही टाक्या खालच्या नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या राहतात. विमान जरा जरी एका अंगाला कललेलं असलं तरी रात्रभरात वरच्या पंखातलं खालच्या पंखात उतरतं. म्हणूनच उतारावर उभं करताना सिलेक्टर 'लेफ्ट' किंवा 'राइट'वर ठेवा असं सेसनाच्या पुस्तकातच आहे. अ‍ॅप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, डोळ्यांना सपाट दिसतो, पण पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून त्याला ढाळ दिलेलाच असतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. 172 चे पंख मुळापासून टोकाकडे किंचित वर जातात, आणि पट्टी घालायचं भोक असतं टाकीच्या बाहेरच्या बाजूला. डावा पंख उचलला गेला की तिथलं इंधन केबिनकडे सरकतं, भोकापासून लांब जातं, आणि पट्टी आहे त्यापेक्षा कमी ओली होते. उजवीकडे उलट. म्हणजे खरोखर गेलं असेल दोन-तीन गॅलन आणि बाकीचा फरक नुसत्या कलण्याचा. विमान सपाट जागी आणून परत डिप घेतली असतीस तर तिथल्या तिथे कळलं असतं.

जुहूला पावसाळ्यात हे आम्ही किती वेळा भोगलंय! ती जमीनच सखल. 1932 साली टाटांची टपाल विमानं सुरू झाली, तेव्हाही पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जायचं आणि सगळा पसारा पुण्याला न्यावा लागायचा. आमच्या वेळी गवतावर उभ्या विमानाचं एक चाक मऊ मातीत रुतायचं आणि सकाळी डिप भलतंच सांगायची. आमच्या एका साहेबांनी त्यावरून एका हेल्परला नको ते ऐकवलं होतं. मी तिथेच होतो आणि गप्प राहिलो. ते अजून आठवतं.

कुर्ल्याचा_पंपवाला
विमानातलं मला कळत नाही, पण डिप आमच्या घरात दोन पिढ्या घेतल्या जातात. पंपावर दिवस सुरू होतो तो डिप रॉडनेच. रॉडच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावतो. टाकीच्या तळाशी पाणी असलं की तिचा रंग बदलतो.

एवढं सांगावंसं वाटतं, की प्रत्येक टाकीचा डिप चार्ट वेगळा. आडव्या गोल टाकीत मधल्या एका सेंटिमीटरला जेवढे लिटर बसतात तेवढे तळाच्या सेंटिमीटरला बसत नाहीत. शेजारच्या पंपाचा चार्ट आम्ही कधी वापरणार नाही. तुम्ही दुसऱ्या विमानाची पट्टी घालता हे वाचून काळजी वाटली.

पार्ल्याची_पोर
मिस्त्रीकाका, सिलेक्टर 'बोथ'वरच होता, नक्की आठवतंय. आणि आमच्या जागेच्या उजव्या हाताला गटार आहे! इतके दिवस तिथे उभी राहते, लक्षातच आलं नाही. पंपवाले दादा, तुमचं बरोबर आहे. आम्हीच नवी पट्टी बनवली तर चालेल का?

जुहूचा_जुना_मिस्त्री
चालेल, पण इंजिनिअरला सोबत घेऊन, विद्यार्थ्यांनी परस्पर नाही. विमान लेव्हल करायचं, अर्थिंग लावायचं, टाकी वापरता न येणाऱ्या इंधनापर्यंत उतरवायची. मग 10-10 लिटर मोजून ओतायचं, पृष्ठभाग शांत होऊ द्यायचा, पट्टी सरळ उभी घालायची आणि ओली रेघ लगेच वाचायची, कारण एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, आपल्या उन्हात बघता बघता उडतं. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या करा. खुणा शाईने नकोत, एव्हगॅस शाई खातं. ब्लेडने खाचा पाडा. सुरुवातीला ओतलेलं थोडं पट्टीला लागणारच नाही, भोकाखालचा तळ कोरडा असतो. ते दिसत नसलेलं इंधन हिशेबात धरायचं नाही.

पट्टीवर विमानाची खूण आणि एकक दोन्ही कोरा. तुमचं पुस्तक अमेरिकन गॅलनमध्ये, म्हणजे 3.785 लिटर. जुन्या ब्रिटिश विमानांचा गॅलन 4.546 चा. 1983 साली कॅनडात एका बोइंग 767 चं गेज बंद होतं, म्हणून पंखाखालच्या कांड्यांनी इंधन मोजलं. मोजलेले लिटर बरोबर होते. पण वजन काढताना 0.8 ऐवजी 1.77 ने गुणलं, म्हणजे किलोच्या जागी पौंड आले. जेवढं हवं होतं त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी इंधन घेऊन ते उडालं आणि दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर ते तरंगत उतरवलं, माणसं वाचली.

आणि पंपवाल्यांची पेस्ट आठव. तुझ्या पट्टीला पाणी ओळखता येत नाही, तळाला पाणी साचलं तर तेही ती इंधन म्हणूनच मोजते. पावसाळ्यात झाकणाचं रबर तडकलं की पाणी आत जातंच. सम्पमधून, म्हणजे टाकीच्या तळाच्या निचऱ्यातून, काढलेलं इंधन निळं आहे ना, खाली पारदर्शक थेंब नाहीत ना, हे दर वेळी उजेडात धरून बघ.

पार्ल्याची_पोर
आज परत आले. इन्स्ट्रक्टर आणि इंजिनिअरसरांसमोर विमान हँगरमध्ये सपाट फरशीवर आणून डिप घेतली: डावी 12, उजवी 17. नंतर सिलेक्टर 'लेफ्ट'वर ठेवून रात्रभर जुन्या जागी उभं करू, सकाळी परत मोजू. बेरीज जुळल्याचं मी राखणदार काकांना जाऊन सांगितलं, सगळ्यांच्या देखत.