काणकोणहून थेट बांबोळी, की आधी मडगाव?

काणकोणकर: गेल्या पावसात मामाच्या अंगावरून वारं गेलं. साडेपाचला चहा घेताना धड बोलत होता, सहाला तोंड वाकडं, उजवा हात लुळा. शेजाऱ्याच्या गाडीतून जवळच्या इस्पितळात नेलं. तिथे सलाईन लावून दोन तास ठेवलं, मग दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडे स्कॅन झाला, पण विचारपूस पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची मुदत, पेशंट शेवटचा धड होता तेव्हापासून, साडेचार तासांची. माझं मत स्पष्ट आहे: पक्षाघाताचा पेशंट १०८ ने थेट बांबोळीला न्यावा, मधले थांबे बंद.

झुवारीकाठ: नाही पटत. काणकोण ते बांबोळी सुमारे ६५ किलोमीटर, त्यात करमल घाट. मडगावला स्कॅन करून इंजेक्शन देता येत असेल तर ते ओलांडून पुढे का पळायचं? आणि तुमच्या मामाचा वेळ गाडीत गेला नाही, खाटेवर गेला.

काणकोणकर: खाट होती म्हणूनच खाटेवर गेला ना!

म्हापसेकर: एवढं भांडता कशाला? हार्ट अटॅकला स्टेमी प्रकल्पात ईसीजी गोमेकॉच्या डॉक्टरांना पाठवतात आणि इंजेक्शन आरोग्य केंद्रातच देतात. हेही तसंच करा.

रात्रपाळी: मी नर्स आहे, म्हणून सांगते. ईसीजी कुठेही निघतो, सिटी स्कॅन नाही. गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय, हे बाहेरून ओळखता येत नाही. रक्तस्रावात ते इंजेक्शन दिलं तर पेशंट हातचा जाईल. (घरातली ॲस्पिरिनची गोळी तोंडात कोंबणाऱ्यांनीही हे वाचा.) शुगर उतरली तरी हात लुळा पडू शकतो, ती आधी बघायची. इंजेक्शनआधी बीपी १८५/११० च्या खाली आणायचं. खरा फरक फोनने पडतो: पेशंट वाटेत असतानाच शेवटचा धड कधी होता, वजन किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे पुढे कळलं तर स्कॅनचं टेबल रिकामं ठेवता येतं.

काणकोणकर: आणि गुठळी मोठ्या नसेत असेल तर? ती तारेने ओढून काढायची सोय असलेल्या ठिकाणीच शेवटी जायचं, मग सरळच का नको?

झुवारीकाठ: कॅटलोनियात नेमका हाच प्रयोग झाला, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दूरच्या भागातले पेशंट थेट मोठ्या केंद्रात नेले काय, आधी जवळ नेले काय, ९० दिवसांनंतर लक्षणीय फरक दिसला नाही.

काणकोणकर: तिथलं ‘जवळचं’ म्हणजे इंजेक्शन देणारं स्ट्रोक सेंटर होतं. आमचं जवळचं म्हणजे सलाईन.

झुवारीकाठ: हे मात्र कबूल. मग इंजेक्शन देणाऱ्या इस्पितळांची यादी १०८ च्या ड्रायव्हरपाशी हवी.

रात्रपाळी: मामांना १०८ ने नेलंच नव्हतं, हे विसरू नका. शेजाऱ्याच्या गाडीतून पुढे फोन कोण करणार? बरं, साडेपाचची वेळ इस्पितळात सांगितली कुणी?

काणकोणकर: कुणीच नाही. आम्ही ‘सकाळी उठल्यापासून’ म्हणत होतो. चहा मामीने दिला होता आणि गाडीत जागा नाही म्हणून ती घरी राहिली.

रात्रपाळी: फोन नव्हता तिच्याकडे?

काणकोणकर: होता.