लिनक्सवर लॉगआउट झाल्यावर यूजरच्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) माराव्यात का?

टर्मिनलकर: मे २०१६ मध्ये सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा आणि लॉगिन सांभाळणारा प्रोग्रॅम) २३० आलं आणि त्यातलं 'किल-यूजर-प्रोसेसेस' हे सेटिंग मुळातच 'यस' झालं. यूजर लॉगआउट झाला की त्याच्या सेशनमधलं सगळं खलास; मागे काम चालू ठेवणारं टीमक्स, स्क्रीन, नोहप, काहीही लावा. डेबियन या लिनक्स वितरणाने ते लगेच 'नो' करून टाकलं. माझ्या मते डेबियनचं चुकलं. सामायिक सर्व्हरवर संध्याकाळी 'टॉप' (चालू प्रोसेसची यादी) लावून बघा. माणूस केव्हाच घरी गेलेला, आणि त्याची पायथन स्क्रिप्ट रॅम अडवून बसलेली.

जुना_नोहप: काहीही! रेंज गेली तरी काम चालू राहावं म्हणून तर लोक टीमक्स लावतात. एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी जोडणी) तुटणं आणि काम संपवून जाणं यातला फरक लॉगिनडीला (सिस्टमडीचा लॉगिन सांभाळणारा भाग) कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही लॉगआउटच. नोहप लावणाऱ्याने मागे काम ठेवायचंय हे आधीच सांगितलेलं असतं. आता तेच पुन्हा सिस्टमडीच्या भाषेत सांगा म्हणे.

टर्मिनलकर: सांगा की! 'सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप टीमक्स', म्हणजे टीमक्स सेशनबाहेरच्या वेगळ्या स्कोपमध्ये (प्रोसेसच्या गटात) चालतो; आणि त्या यूजरसाठी एकदा 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर', म्हणजे लॉगआउटनंतरही त्याच्या सेवा चालू राहतात. कोणाचं काम मागे राहणार, हे अ‍ॅडमिनला कळायला नको?

निळी_शाई: इथेच लोक फसतात. नुसतं लिंगर लावून भागत नाही. टीमक्स बॅकग्राउंडला गेला तरी त्याचा सीग्रुप (कर्नलने ठेवलेला प्रोसेसचा गट) सेशनच्या स्कोपचाच राहतो, म्हणून तो मरतोच. स्कोप बदलावाच लागतो.

आणि तुम्ही दोघं प्रोसेसवर भांडताय, पण 'रिमूव्ह-आयपीसी' (लॉगआउटनंतर यूजरच्या प्रोसेसमधली सामायिक मेमरी वगैरे पुसणारं सेटिंग) कुठल्याच बाजूने निघालं नाही. मूळ सिस्टमडीत ते 'यस' असतं, काही वितरणं 'नो' ठेवतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस साध्या यूजरच्या खात्यावर चालवला, तर त्या यूजरचं शेवटचं सेशन बंद होताच सामायिक मेमरी उडते आणि चालू डेटाबेसच्या समांतर क्वेरीत चुका येतात; जुन्या आवृत्त्यांत तर सेमाफोर (प्रोसेसमधले सामायिक कुलूप) उडून डेटाबेसच कोसळायचा. सिस्टम यूजरला यातून सूट आहे. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातच हा इशारा दिलाय.

जुना_नोहप: घ्या! हेच म्हणतोय मी. साफसफाई हवी त्याने 'लॉगिनडी.कॉन्फ' ही सेटिंगची फाइल उघडून चालू करावी, बाकीच्यांच्या डोक्यावर कशाला? फक्त विद्यार्थ्यांची खाती साफ करायचीत? 'किल-ओन्ली-यूजर्स' आहे.

टर्मिनलकर: आहे, पण त्यात ग्रुप चालत नाही, एकेक यूजरनेम लिहावं लागतं. दर वर्षी नवी बॅच आली की ती यादी कोण बदलणार, तुम्ही?

जुना_नोहप: खाती उघडणारी स्क्रिप्ट बदलेल. ती तरी लिहिलीयेत ना?