मदत हवी आहे: समुद्राखालच्या एल्फांचं वैर कशावर उभं करू?

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या साहसकथांच्या खेळाची 5वी आवृत्ती खेळतो, डीएम (गोष्ट आणि खेळ चालवणारा) मी, जग स्वतःचं रचलेलं. मंडळींचं गलबत बंदर सोडून निघालंय आणि वाटेत समुद्राखालच्या एल्फांचा (माणसांसारख्या, पण दीर्घायुषी कल्पित जमातीचा) मुलूख लागणार आहे. हे लोक जहाजं बुडवतात आणि खलाशी त्यांचं नाव घेत नाहीत, इतकं खेळात येऊन गेलंय. ते असं का वागतात, हे मात्र अजून ठरायचंय.

सुचलेली कारणं मीच खोडली. जात्याच दुष्ट म्हटलं की बोलणंच खुंटतं. दुष्ट देवता मागे असेल तर आमचे वीर तिला मारतील आणि प्रश्न मिटेल. जमिनीवाल्यांनी समुद्र नासवला म्हणून राग, हे त्यातल्या त्यात बरं, पण आमची मंडळी माफी मागून, गाळ उपसून मोकळी होतील. शेवटी गैरसमज दूर होऊन गळ्यात पडणारे एल्फ मला नकोत. दोन्ही बाजूंना एकमेकांचं म्हणणं नीट कळतंय आणि तरी थांबता येत नाही, असं वैर हवंय.

ठरलेल्या गोष्टी: खेळाच्या पुस्तकातले सी एल्फ (समुद्री एल्फ) हवेत आणि पाण्यात दोन्हीकडे श्वास घेतात, माझे फक्त पाण्यात. वस्ती 20 ते 40 मीटर खोलीवर, कारण केल्प या उंच समुद्री शेवाळाची रानं आणि उथळ पाण्यातले प्रवाळ उजेडाशिवाय वाढत नाहीत. आयुष्य 700 वर्षांच्या वर. शेजारी साहुआगिन (खेळातले माशांसारखे समुद्री राक्षस), त्यांच्याशी कायमची लढाई. हत्यारं भाले आणि त्रिशूळ, कारण नियमांप्रमाणे पाण्याखाली भाला, त्रिशूळ, खंजीर, आखूड तलवार असली हत्यारंच धड चालतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

तुमचं उत्तर शेवटच्या ओळीत पडलंय. भाल्याचं पातं कुठून आलं? पाण्याखाली भट्टी पेटत नाही. मग लोखंड नाही, ब्राँझ नाही. हाडं, शिंपले आणि ज्वालामुखीची काच एवढ्यावर साहुआगिनांशी किती पिढ्या लढणार? म्हणजे त्यांच्याकडचा प्रत्येक खिळा वरून आलेला आहे. बुडालेलं जहाज ही त्यांची खाण. नांगर, साखळ्या, तोफा असतील तर तोफा. आणि खाण आपोआप उघडायची वाट किती बघायची? वादळं काही दर महिन्याला येत नाहीत. त्यांच्या लेखी गलबताच्या तळाला भोक पाडणं हे खाणकामच. त्यात द्वेष असायलाच हवा असं नाही.

प्रतिसाद

वरच्यांना +1, पण एक शंका. समुद्रतळावर उष्ण झरे असतात ना? त्यांवर धातू वितळवला तर सगळा डोलारा कोसळतो.

प्रतिसाद

नाही कोसळत. हे झरे 1977 साली गॅलापागोसजवळ पहिल्यांदा पाहिले गेले, साधारण अडीच किलोमीटर खोलीवर. सर्वांत तापलेल्यांचं पाणी 400 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. लोखंड वितळतं 1538 ला, तांबं 1085 ला. कथील 232 आणि शिसं 327, ही दोन फार तर जमतील. त्यात दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे तिथे अडीचशेपट दाब. चाळीस मीटरवर राहणारा एल्फ तिथे जाऊन काय करणार? जादूगाराच्या आगीवरही फार विसंबू नका, खेळाच्या नियमांप्रमाणे पूर्ण बुडालेल्याला आगीची इजा निम्मीच होते. शिवाय क्षणभराच्या भडक्यात पोलाद होत नसतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. एकदा लुटून भागत नाही, पुरवठा चालूच लागतो. साठवायचं असेल तर प्राणवायू नसलेलं पाणी शोधावं लागेल. काळ्या समुद्रात दीडशे-दोनशे मीटरखाली तसं पाणी आहे. तिथे दोन किलोमीटरहून खोल एक ग्रीक जहाज पडलंय, सुमारे 2400 वर्षांचं, आणि डोलकाठी अजून उभी आहे. 2018 मध्ये त्याचं वय जाहीर झालं. तुमच्या राज्यात अशी एक मेलेल्या पाण्याची घळ ठेवा आणि तोच राणीचा खजिना करा. गंमत अशी, की पाण्यातून श्वास घेणारा एल्फ तिथे गुदमरून मरेल. माल दोरांनी सोडायचा, दोरांनी ओढायचा. जादूने सोबत हवा नेणारा माणूस मात्र आत शिरू शकतो. स्वतःच्याच खजिन्यात त्यांना पाऊल टाकता येत नाही, चोराला येतं. मी डीएम असतो तर पुढचे चार खेळ याच घळीत काढले असते.

धागाकर्ता

घळ उचलली! पण आमच्यात एक व्यापारी वृत्तीची प्लेअर आहे, ती पहिल्याच भेटीत म्हणणार, "बुडवता कशाला, आम्ही लोखंड विकतो, तुम्ही मोती द्या." सौदा झाला की वैर संपलं. याला काय करू?

प्रतिसाद

सौदा पूर्वी झालेला असू द्या. तीनशे वर्षांपूर्वी लोखंड जायचं, मोती यायचे, सगळे खूश. मग बंदरच्या राजाने भाव चढवायला एक हिवाळा माल अडवला. त्याच हिवाळ्यात साहुआगिन चालून आले आणि एल्फांचं एक शहर गेलं. माणसांना हे आठवायचं कारणच नाही, त्यांच्या दहा-बारा पिढ्या उलटल्या. राणी मात्र तीच आहे. तिने तेव्हाच ठरवलं, की विकत घेतलेलं लोखंड विकणाऱ्याच्या मर्जीवर असतं, बुडवलेलं कोणाच्याच मर्जीवर नसतं. तुमची प्लेअर कितीही प्रामाणिक असली, तरी ती साठ वर्षांत मरणार हे राणीला माहीत आहे. पुढच्याची हमी कोण देणार?

आणि माणसांच्या बाजूनेही शहाणा राजा जहाजं बुडवणाऱ्यांना भाल्यांचं लोखंड विकणार नाही. दोघांचंही बरोबर आहे.

प्रतिसाद

राणीच्या मुद्द्याशी सहमत, पण तिच्या दरबारात सगळे एकमताचे नकोत. शहर गेल्यानंतर जन्मलेले, दोनशे-अडीचशे वर्षांचे तरुण एल्फ असतील. त्यांना रोज उठून जहाज फोडायचा कंटाळा आलाय आणि सौदा हवाय. तुमच्या प्लेअरशी त्यांना बोलू द्या, फक्त तिच्याकडे ते पहिली मागणी घळीत उतरण्याचीच करतील. राणीचा साठा हातात आल्याशिवाय त्यांना दरबारात कोण विचारणार?

धागाकर्ता

म्हणजे सौदा हवा तर आधी चोरी, आणि चोरी झाली की साहुआगिनांसमोर राज्य उघडं. हेच घेतो. आता एकच अडलंय. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून जास्त, त्यामुळे आपल्या कानांना तो कुठून आला ते कळत नाही असं वाचलंय. घळीवर पहारेकऱ्यांनी इशाऱ्याची घंटा वाजवली, तर टेबलावर मंडळींना दिशा सांगू की नुसताच आवाज? कोणी पाण्याखालचा पाठलाग खेळवला असेल तर लिहा, शनिवारी खेळ आहे.