सिग्नल सुटताना मोटरसायकल बंद पडते: क्लच नेमका कुठपर्यंत धरावा?

कासारवडवलीकर (प्रश्न)

नमस्कार. बरीच वर्षे स्कूटर चालवल्यानंतर मी नुकतीच 125 सीसीची, फ्युएल इंजेक्शन असलेली मोटरसायकल घेतली आहे. गिअरच्या गाडीचा परवाना आहे आणि चालत्या गाडीवर गिअर बदलताना काही अडचण येत नाही. मात्र उभी गाडी पहिल्या गिअरमध्ये काढताना ती झटका देऊन बंद पडते. घोडबंदर रस्त्यावर मागे बस उभी असते, हॉर्न सुरू होतात आणि घाईघाईत पुन्हा तेच घडते. रेस जास्त दिली तर गाडी उसळते, कमी दिली तर बंद पडते. घरचे म्हणतात रेस वाढव, गॅरेजमध्ये सांगतात क्लच हळू सोडा. हळू म्हणजे किती, आणि कुठपर्यंत? क्लच अर्धवट धरून ठेवला तर प्लेट जळतात असेही ऐकते. शिवाय गायमुखच्या घाटात वाहने थांबली की चढावर गाडी मागे सरकेल या भीतीने हातपाय गळतात. कृपया सविस्तर सांगावे.

सावकाश_चालक

आपल्या वर्णनावरून दोष उजव्या मुठीपेक्षा डाव्या हाताच्या सवयीत असावा, असे वाटते. स्कूटरवर डाव्या हाताखाली ब्रेक असतो आणि तो एकदम सोडला तरी काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे बोटांना तो लिव्हर एका झटक्यात मोकळा करण्याची सवय लागलेली असते, आणि मोटरसायकलवर तीच सवय इंजिन बंद पाडते.

यामागचे कारण समजून घेतले तर हात आपोआप सावरतो. अशा गाडीचे इंजिन उभ्या जागी मिनिटाला साधारण 1,400 फेरे घेत असते. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असेल, तर इतक्या फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे 5 किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका भरतो. उभ्या गाडीचे चाक मात्र फिरतच नसते. हा फरक क्लचच्या प्लेट एकमेकींवर घसरत असतानाच भरून निघतो. ती सवड न देता लिव्हर सोडला, तर चाक एका क्षणात तो वेग घेऊ शकत नाही आणि उलट चाकच इंजिनाला थांबवते. त्यात एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनाला दर दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो. मधला सगळा वेळ ते फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, गतीवर निभावून नेते, आणि लहान इंजिनाचे फ्लायव्हील हलके असते.

म्हणून ‘हळू सोडा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. लिव्हरचा सुरुवातीचा प्रवास पटकन सोडला तरी चालतो, कारण तिथे काही घडतच नाही. इंजिनाचा आवाज किंचित बसतो आणि गाडी पुढे ओढ घेते, तिथे बोटे थांबवायची. गाडी दोन-तीन मीटर सरकून चालण्याचा वेग घेईपर्यंत ती तिथेच धरून ठेवायची आणि मग उरलेला लिव्हर सोडायचा. गाडी हलली रे हलली की शिकाऊ चालक लिव्हर सोडून देतात, आणि गाडी बहुधा त्याच क्षणी बंद पडते.

रेस आधी द्यावी, थोडी द्यावी आणि क्लच पकडत असताना ती कमी-जास्त करू नये. इंजिन गुदमरू लागल्याचा आवाज आला, तर मूठ पिळण्याआधी क्लच पुन्हा थोडा दाबावा. बंद पडू पाहणारी गाडी एवढ्यानेच सावरते. सरावासाठी सोसायटीच्या आवारात सपाट जागी, मूठ अजिबात न पिळता, नुसत्या क्लचवर गाडी हलवून पाहावी. फ्युएल इंजेक्शनचे तापलेले इंजिन हे सहज करू देते, आणि क्लच कुठे पकडतो ते बोटांना पाठ होते.

वागळे_इस्टेट

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरीही सगळा दोष चालकावर टाकण्यापूर्वी गाडी तपासून घ्यावी. क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलीमीटर ढील, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची मोकळी हालचाल, असावी लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत मिळेल. ढील फार असेल, तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही आणि गिअर टाकताच गाडी ओढ घेऊन बंद पडते. अजिबात नसेल, तर क्लच लिव्हरच्या अगदी शेवटी पकडतो, आणि लहान हाताच्या व्यक्तीला तिथे बोटांवर ताबा ठेवणे कठीण जाते. लिव्हरजवळच्या केबलच्या स्क्रूने हे जागेवरच जमवता येते.

साइड स्टँडही पाहावा. तो खाली असताना गिअर टाकला की पुष्कळ नव्या गाड्यांचे इंजिन आपोआप बंद होते, आणि चालकाला वाटते की आपला क्लच चुकला. तसेच गाडी दुसऱ्या गिअरमध्येच थांबलेली नाही ना, याची सिग्नलला खात्री करावी.

बेलापूरचा_चढ

गायमुखबद्दल लिहितो. पारसिक टेकडीच्या रस्त्यावर माझे रोजचे येणे-जाणे आहे, आणि चढावर गाडी उजव्या पायाने, म्हणजे मागच्या ब्रेकवर धरावी, हे माझे ठाम मत आहे. पुढच्या ब्रेकवर धरली तर त्याच हाताने मूठही पिळावी लागते आणि दोन्ही कामे अर्धवट होतात. पहिला गिअर आधीच टाकून डावा पाय जमिनीवर ठेवावा, सपाट रस्त्यापेक्षा थोडी अधिक रेस द्यावी आणि क्लच पकडू लागेपर्यंत लिव्हर सोडत यावे. गाडीचा मागचा भाग किंचित दबतो आणि ती ब्रेकविरुद्ध जोर लावते, तेव्हाच ब्रेक सोडावा. मागे कोणी बसले असेल तर क्लच आणखी थोडा वेळ धरावा लागतो.

कासारवडवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. केबलमध्ये खरोखरच ढील फार होती. ती कमी केल्यावर मूठ न पिळताही गाडी हलते आहे. प्लेट जळण्याची शंका मात्र अजून आहे.

वागळे_इस्टेट

आपल्या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि त्यात एकाआड एक अनेक प्लेट असतात, त्यामुळे गाडी काढताना दोन-तीन सेकंदांची घसर तो विनातक्रार सहन करतो. प्लेट जळतात त्या चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी उभी धरल्याने, किंवा चालत्या गाडीवर बोटांचा भार लिव्हरवर ठेवल्याने. ऑइल बदलताना मात्र डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेले पाहून घ्यावे. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, आणि त्यांनी हा क्लच नको तेव्हाही घसरू लागतो.