किमोनो गर्ल्स : नाट्यगृहातल्या पाच जणी बऱ्या होत्या, त्यांना देव बोलवायच्या कामाला कशाला लावलं?

रातराणी

माझं मत आधी सांगते, मग तुटून पडा. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमधल्या (१९९९) किमोनो गर्ल्स म्हणजे त्या गेममधलं सर्वांत देखणं काम. २००९ च्या हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर रीमेकने त्यांची पार माती केली.

खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोष्ट घडते जोटो प्रदेशात. जोटो म्हणजे जपानचा कान्साई भाग, आणि त्यातलं एक्रुटीक गाव म्हणजे उघडउघड क्योतो. दोन उंच मनोरे, त्यातला एक दीडशे वर्षांपूर्वी जळून गेलेला, भुतं पाळणारा जिम लीडर (म्हणजे गावचा मुख्य प्रतिस्पर्धी) मॉर्टी, आणि गावात एक नाट्यगृह. तिथे पाच नर्तकी उभ्या असतात: नाओको, सायो, झुकी, कुनी आणि मिकी. प्रत्येकीकडे एकच पोकेमॉन, लेव्हल १७, आणि पाचही ईव्ही नावाच्या पोकेमॉनचीच बदललेली रूपं: फ्लेरिऑन, एस्पिऑन, अम्ब्रिऑन, व्हेपोरिऑन, जोल्टिऑन. पाचही जणींना हरवलं की तिथलेच एक गृहस्थ तुम्हाला 'सर्फ' देतात, म्हणजे समुद्र ओलांडायची सोय झाली.

बस, एवढंच. तिथे तुम्ही कुणी अवतारी पुरुष नसता. तिकीट काढून आत शिरलेला एक पोरगा, आणि त्या आपलं काम करत असतात. त्या गावातली एक बाई सांगते की या मुली दिसायला सुंदर खऱ्या, पण चारचौघांत यायच्या आधी कडक तालीम घ्यावी लागते, रीतिरिवाज शिकावे लागतात. जीव लावला की सगळं जमतं. आणि ते सर्फवाले गृहस्थ! सोबत ऱ्हायडॉन घेऊन बसलेले असतात आणि त्यांना हवाय पोहणारा आणि नाचणारा पोकेमॉन. ऱ्हायडॉन म्हणजे दगडी गेंडा, पाण्यात घातला तर सरळ तळाला जाईल. प्रत्येक नाट्यगृहात पहिल्या रांगेत असा एक वल्ली असतोच. दोन-चार वाक्यांत तालीम आली, कलावंत आले, प्रेक्षकही आले. गेम बॉयच्या चार आवाजांच्या चिपवर एवढं जमवलंय.

रीमेकमध्ये त्याच पाच जणी तुमच्या वाटेवर एकेक करून उगवतात. एक जंगलात वाट चुकते. एकीचे पाय बर्फाच्या गुहेत अडकतात, तिला तुम्ही मागून ढकलता. एकीला नाट्यगृहातच टीम रॉकेटचा गुंड त्रास देतो, तिला तुम्ही सोडवता. आणि शेवटी कळतं की हे सगळं तुम्ही लायक आहात का ते बघायला चाललं होतं. मग लागोपाठ पाच लढती, मग एक घंटा बक्षीस, मग हो-ओ किंवा लुगिया हा देवासारखा पक्षी-पोकेमॉन यावा म्हणून यांचा नाच. ज्यांना स्वतःचं घर, स्वतःचा रंगमंच होता, त्यांना तुमच्या कुंडलीतल्या ग्रहांसारखं फिरवलंय.

टवाळ

रातराणीताई, लेख झकास, मत साफ चूक.

१९९९ मध्ये त्या नाचतात कुठे? मला एक फ्रेम दाखवा. उभ्या असतात, तुम्ही ए बटण दाबलं की वळतात, लढतात, संपलं. तो टोलनाका होता, पाच खिडक्यांचा. पैसे मोजा, सर्फची पावती घ्या, पुढे व्हा. आणि लेव्हल १७! त्याच्या आधीच्या गावात जिम लीडर व्हिटनीची लेव्हल २० ची मिलटँक गाय सगळ्या पिढीला रडवून गेलेली असते. तिच्यातून वाचून आलेल्या माणसाला एकेकटा लेव्हल १७ चा पोकेमॉन काय करणार? ज्यांच्या तालमीचं एवढं कौतुक चाललंय, त्यांना गेम किती किंमत देतो ते आकड्यावरून कळतं.

उलट मूळ गोल्डमध्ये हो-ओ कसा भेटतो आठवा. मनोऱ्यावर चढायचं, गच्चीवर पक्षी बसलेलाच असतो, ए दाबायचं. बसची वाट बघत असल्यासारखा. रीमेकमध्ये निदान त्याला *बोलवावं* लागतं. पाच जणी नाचतात, घंटा वाजते आणि मग तो येतो. नर्तकीला नाचण्यावाचून दुसरं कुठलं मोठं काम द्यायचं होतं?

निम्मं_लिंबू

टवाळ +१. मिलटँकचं नाव काढू नका, सकाळी सकाळी बीपी वाढतं.

बोका

मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघं गोष्टीबद्दल बोलताय आणि खरी गंमत खेळात आहे.

एक्रुटीकच्या पोकेमॉन सेंटरमध्ये, म्हणजे थकलेले पोकेमॉन बरे करायच्या जागी, बिल नावाचा संशोधक भेटतो. मग आधीच्या गावी, गोल्डनरॉडला, त्याच्या घरी गेलं की तो तुम्हाला ईव्ही देतो. म्हणजे तुमच्या हातात ईव्ही पडायच्या सुमारासच नाट्यगृहात तिची पाचही रूपं ओळीने बघायला मिळतात. त्यातली आग, पाणी, वीज ही जुनी. ईव्हीला ती रूपं द्यायला लागणारे दगड जोटोत सहजी मिळत नाहीत. एस्पिऑन आणि अम्ब्रिऑन मात्र त्याच वर्षी नवे आलेले. दगड नको, फक्त जीव लावायचा आणि दिवसा किंवा रात्री लेव्हल वाढवायची. कार्ट्रिजमध्ये खरं घड्याळ होतं, ते कशासाठी आहे हे सायो आणि झुकी एक शब्द न बोलता शिकवतात. लेव्हल १७ वर हसू नका. त्या परीक्षक नव्हत्याच, त्या नमुना दाखवत होत्या.

आणि हे रीमेकमध्ये फसलं. २००६ मध्ये ईव्हीची आणखी दोन रूपं, लीफिऑन आणि ग्लेसिऑन, येऊन गेलेली, तरी २००९ मध्ये जणी पाचच. कारण उघड आहे, त्या दोन रूपांसाठी लागणारा शेवाळाचा आणि बर्फाचा खडक जोटोत ठेवलाच नाही. पण मग 'ईव्हीची सगळी रूपं एका छताखाली' ही जी मूळ मजा, तीच गेली. राहिलं काय, तर पाच बायका आणि एक भविष्यवाणी.

रातराणी

बोक्या, तू माझ्याच बाजूचा आहेस, कबूल कर.

बोका

नाही. तुझ्या शेजारच्या बाकावर आहे.

अमावास्या

टवाळशी सहमत, आणि थोडी भर. देवाला नाचून बाहेर काढणं ही जपानची फार जुनी गोष्ट आहे. आठव्या शतकातल्या कोजिकी ग्रंथात सूर्यदेवी अमातेरासू रुसून गुहेत जाऊन बसते, जगभर अंधार होतो. मग अमे-नो-उझुमे नावाची देवी उलट्या ठेवलेल्या टबावर पाय आपटत नाचते, सगळे देव खो-खो हसतात, आणि बाहेर चाललंय काय म्हणून अमातेरासू डोकावते. देवळातल्या कागुरा नाचाचं मूळ तिथेच सांगतात. रीमेकने पोरींना कामाला लावलं नाही, नाचाला त्याचं सर्वांत जुनं काम परत दिलं. हो-ओ म्हणजे तरी काय, जपानी फिनिक्सच. तोच पक्षी किनकाकुजीच्या छतावर सोन्याचा बसलाय. ते देऊळही १९५० मध्ये जळालं आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. जळलेला मनोरा, राखेतून उठणारे तीन प्राणी, छतावरचा पक्षी हे सगळं १९९९ मध्येच रचून ठेवलेलं होतं. फक्त नाच त्याला जोडलेला नव्हता, तो जोडला.

कामोतीर

ओसाकात नोकरीला आहे, क्योतो अर्ध्या तासावर, म्हणून लिहिते. अमावास्या, कोजिकी बरोबर, पण माणसं चुकली. कागुरा नाचतात त्या देवळातल्या मिको. लाल हाकामा, पांढरा सदरा, हातात घुंगरांचा गुच्छ. एक्रुटीकच्या पाच जणी आहेत माईको, म्हणजे गेको (क्योतोत गेशांना हेच म्हणतात) होण्याआधीच्या शिकाऊ मुली, चहाघरात पाहुण्यांसमोर नाच-गाणं करणाऱ्या. जपानी आवृत्तीत त्यांना 'माईको-हान'च म्हटलंय, अगदी क्योतोच्या बोलीत. दोन वेगळे पेशे, दोन वेगळी घरं. रीमेकने एकीच्या अंगावर दुसरीचं काम चढवलं.

आता मूळ गेमबद्दल. ते नाट्यगृह हवेतून आलेलं नाही. क्योतोत पाच हानामाची आहेत, म्हणजे गेकोंच्या वस्त्या: गिओन कोबु, गिओन हिगाशी, मियागावाचो, पोन्तोचो, कामिशिचिकेन. पाच वस्त्या आणि पाच मुली हा योगायोग असेलही, मला तो आवडतो. प्रत्येक वस्तीचे जाहीर कार्यक्रम होतात, आणि जिथे होतात त्या जागेला काबुरेन्जो म्हणतात. १८६९ मध्ये राजधानी तोक्योला गेली, क्योतोवर अवकळा आली, तेव्हा गाव उभं करायला प्रदर्शन भरवलं आणि त्यात १८७२ मध्ये मियाको ओदोरी हा नाचाचा कार्यक्रम सुरू झाला. तो आजही एप्रिलमध्ये गिओन कोबुत होतो. सुरुवातीला पडद्यामागून हाक येते, मग दोन्ही बाजूंच्या पायवाटांवरून फिक्या निळ्या किमोनोतल्या मुली एका रांगेत येतात. हसू नाही, नखरा नाही. मान वळते ती सगळ्यांची एकाच क्षणी. इनोउए घराण्याचा हा नाच 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकाराकडून बरंच काही घेऊन आलाय, म्हणून इतका आवरलेला. तिकीट काढून कुणीही बघावा.

म्हणून रातराणीचं पटतं. चहाघरात ओळखीशिवाय पाऊल टाकता येत नाही, पण काबुरेन्जोत अनोळखी पोरगाही जाऊन बसू शकतो. १९९९ च्या गेमने नेमकी ती जागा निवडली.

टवाळ

मग अनोळखी पोराने आत जाऊन त्यांच्यावर पोकेमॉन सोडायचे, हे कुठल्या घराण्यात बसतं?

कामोतीर

हा हा. गेम आहे हो, त्यात लहानगा मुलगा मासे पकडणाऱ्यावरही पोकेमॉन सोडतो.

खडूस_क्र_१

सगळे नाच, घराणं, सोन्याचा पक्षी करताय. एक कडू गोष्ट मी टाकतो. माईको म्हणजे साधारण पंधरा ते वीस वयाच्या मुली. शाळेचं सक्तीचं शिक्षण संपलं की येतात. २०२२ मध्ये एका माजी माईकोने जाहीरपणे लिहिलं की अल्पवयीन असताना तिला दारू प्यावी लागली, पाहुण्यांकडून त्रास झाला. जपानमध्ये त्यावर बरंच काहूर माजलं. तुमच्या लाडक्या १९९९ मध्ये हे सगळं गुळगुळीत करून 'जीव लावला की सगळं जमतं' एवढ्या एका वाक्यात बसवलंय. माझ्या मते तेच खरं पोस्टर. रीमेकमध्ये निदान एक गुंड नर्तकीला छळतो हे पडद्यावर दिसतं.

रातराणी

दिसतं, पण कशासाठी दिसतं? तिला सोडवून तुम्हाला सर्फ मिळावा म्हणून. मूळ गेममध्ये तोच सर्फ तिच्याशी आणि तिच्या चौघी मैत्रिणींशी लढून मिळायचा. तिथे ती तुमच्यासमोर ट्रेनर म्हणून उभी होती. रीमेकमध्ये त्याच खोलीत, त्याच बक्षिसासाठी, ती कोपऱ्यात उभी राहून वाट बघते आणि लढत होते तुमची आणि गुंडाची. जिच्याकडे अख्खा जोल्टिऑन आहे तिला एका रॉकेटवाल्याला पळवता येऊ नये? हा एक बदल मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त टोचतो.

पंधरा वर्षांच्या मुलींबद्दलचं मान्य. गेमने ते टाळलं. पोरांच्या गेमने ते टाळावं की नाही यावर वेगळा धागा काढ, मी येईन.

टवाळ

हा जोल्टिऑनचा मुद्दा बरा आहे. उत्तर नाही माझ्याकडे, म्हणून विषय बदलतो. :)

तुम्ही मधली बाजू सोडताय. या पाच जणी लागोपाठ लढतात तेव्हा प्रत्येकीचा पोकेमॉन वेगळा, तुमचा संघ मात्र तोच, थकत जाणारा. १९९९ मध्ये एकीला हरवायचं, सेंटरला जाऊन यायचं, दुसरीला हरवायचं. रीमेकमध्ये त्या पहिल्यांदा *एकत्र* काहीतरी आहेत. मेळा आहेत. नाच पाच जणींचा असतो, तर लढतही पाच जणींची हवी.

निम्मं_लिंबू

आपल्याकडे कुणी लावणीच्या फडावर असा गेम काढला तर? पाच लावणी कलावंत, पाच...

बोका

नको. विषय क्योतोचा आहे, फड इथे आणलास की दोनशे प्रतिसाद भांडणाचे.

अमावास्या

अवांतर: या मालिकेला किमोनो सुटतच नाही. १९९६ मध्ये पहिल्या गेममधल्या कँटो प्रदेशात एरिका, फुलांची रचना करता करता झोपणारी जिम लीडर. २०१३ मध्ये फ्रान्ससारख्या कालोस प्रदेशातही फुरिसोदे (लांब बाह्यांचा किमोनो) घातलेल्या फुरिसोदे गर्ल्स, आणि तिथली जिम लीडर व्हॅलरी तर जोटोचीच. २०१६ मध्ये तर नर्तकी गेल्या आणि नाच थेट पक्ष्याच्या अंगात आला, ओरिकोरिओची सेन्सू शैली, पंख्यांसारखे पंख आणि भूत प्रकार. मेलेल्यांना बोलवणारा नाच. म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यात नाच आणि बोलावणं ही जोडी पक्की आहे. २००९ हा अपघात नव्हता, कामोतीर.

कामोतीर

पक्की असेल. माझा आक्षेप जोडीला नाही, पोशाखाला आहे. पाच मिको असत्या तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. एक्रुटीकमध्ये मनोऱ्याच्या दारात भिक्खू आहेतच, शेजारी दोन मिको ठेवायला किती पिक्सेल लागले असते? पण माईको पोस्टरवर जास्त खपते. गिओनच्या गल्ल्यांत तेच होतं. नाचाच्या वर्गाला निघालेल्या मुलीमागे कॅमेरे घेऊन लोक धावायचे, शेवटी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढला तर दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या, २०२४ मध्ये त्या गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. नाच बघायला नाट्यगृह आहे, रस्त्यात मुलगी अडवायची नसते. आता सांगा, रीमेकमध्ये त्या मुली कुठे भेटतात? जंगलात, गुहेत, रस्त्यात.

रातराणी

हे मला सुचायला हवं होतं.

टवाळ

भेटतात म्हणजे त्या *आपल्याला* गाठतात, पण ठीक. एक शेवटचा प्रश्न. मॉर्टी जन्मभर तपश्चर्या करतो, हो-ओ आपल्याला दिसावा म्हणून. त्याला दिसत नाही. पाच जणी नाचतात आणि पक्षी येतो. मग त्यातली एकही स्वतः त्याला पकडायचा चेंडू का टाकत नाही?

बोका

कारण बॉक्सवर तुझं नाव आहे.

नवखा_ट्रेनर

नमस्कार, मी लहानपणी फक्त हिंदी डबिंगमधली मालिका बघितली, गेम कधीच नाही. हा धागा वाचून सुरू करतोय. कुठला घेऊ?

रातराणी

क्रिस्टल, म्हणजे गोल्ड-सिल्व्हरचीच पुढची आवृत्ती. मुलगी होऊन खेळता येणारा पहिला पोकेमॉन गेम तोच, आणि नाट्यगृह जुनंच आहे.

टवाळ

सोलसिल्व्हर. आणि मास्टर बॉल, म्हणजे हमखास पकडणारा चेंडू, लुगियावर उडवू नकोस, तो जागेवर बसलेला असतो, वेळ घे. राखेतून उठलेल्या तिघांतले राइकू आणि एन्टेई दिसताक्षणी पळतात, त्यांच्यासाठी ठेव.