मदत हवी आहे: ‘ग्लो ऑफ होप’मधला बोटांतून येणारा उजेड जलरंगात कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. जलरंग नीट शिकायचे म्हणून चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ करायला घेतलंय. हातात दिवा घेतलेली ती तरुणी, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. १९४५-४६ सालचं. कित्येकांना ते तैलचित्र वाटतं, पण आहे जलरंगातलं, म्हणूनच निवडलं.

अडतंय ते बोटांपाशी. ज्योतीला आडोसा केलेल्या हातातून लालसर केशरी उजेड आरपार येतो. तिथे फिक्या पिवळ्याचा वॉश (पाणीदार पातळ थर) वाळवून वर एकेक थर चढवायचा, की ओल्यातच लाल सोडायचा? मला पहिलं पटतं, पण थर वाढले की कागदाची चमक जाते. मागचा अंधारही मळकट होतोय. काळा रंग टाळून अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळतेय.

त्यात आपला नागपूरचा कोरडा उन्हाळा! वॉश पसरायच्या आत वाळतो, नको तिथे कडा उमटतात. कागद मागूनही ओला करून घ्यावा का? कूलर बंद ठेवून पहाटे बसता का तुम्ही?

आणि ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) पूर्ण कॉटनचा कागद सीताबर्डी किंवा धरमपेठेत सुटा कुठे मिळेल? चित्रकला महाविद्यालयात शिकलेलं कुणी असेल तर नक्की सांगा.